जुन्या अंतःक्षेपण एंजिनाची पुनर्बांधणी आणि कॅमदंडाची निवड

मोटारगाडीचे एंजिन झिजले म्हणजे ते उतरवून दुसरे बसवावे, हा मार्ग सोयीचा खरा. परंतु ज्या गाडीचे उत्पादन बंद होऊन अर्धशतक लोटले आहे तिच्या बाबतीत तो बहुधा मोकळा नसतो. नव्या एंजिनासाठी मूळ कारखान्याकडे जाण्याची सोय उरलेली नसते. जे एंजिन हाती आहे तेच उघडून, त्याचा प्रत्येक भाग मोजून, झिजलेले दुरुस्त करून पुन्हा जुळवावे लागते. यालाच एंजिनाची पुनर्बांधणी म्हणतात.

पुनर्बांधणीच्या काळात एक प्रश्न हटकून उभा राहतो. एंजिन उघडलेलेच आहे, तर त्यात पूर्वीपेक्षा अधिक शक्ती देणारा कॅमदंड का बसवू नये? पेट्रोल मोजून फवारणाऱ्या यांत्रिक अंतःक्षेपण एंजिनात या प्रश्नाचे उत्तर घाईने दिल्यास सगळी मेहनत वाया जाते. असे का होते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

उदाहरणाचे एंजिन

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे ट्रायम्फ कंपनीने १९६७ साली टी.आर. ५ व त्यानंतर टी.आर. ६ या खेळगाड्या बनविल्या. टी.आर. ६ चे उत्पादन १९७६ पर्यंत चालले. या गाड्यांत एका ओळीत सहा सिलिंडर असलेले एंजिन होते. सिलिंडरचा व्यास ७४.७ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९५ मिलिमीटर आणि एकूण आकारमान २४९८ घनसेंटिमीटर. अमेरिकेसाठी बनविलेल्या गाड्यांत, तेथील धूरनियंत्रणाच्या नियमांमुळे, कार्ब्युरेटर बसवीत. ब्रिटन व इतर अनेक देशांसाठीच्या गाड्यांत मात्र ल्यूकस कंपनीची यांत्रिक अंतःक्षेपण योजना असे.

या एंजिनाचे कुळ भारताला अगदीच अपरिचित नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ पासून बनविलेल्या 'स्टँडर्ड हेरल्ड' गाडीतील ९४८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी एंजिन आणि हे सहा सिलिंडरी एंजिन एकाच मूळ आराखड्यातून वाढत गेले. दोहोंतही कॅमदंड ठोकळ्याच्या कुशीत असतो. तो टॅपेट, ढकलदांडा आणि रॉकर यांच्याकरवी वरच्या झडपा उघडतो.

झडपांचे वेळापत्रक

चार धावी एंजिनाचे काम शोषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास अशा चार धावांत पुरे होते, हे वाचकांना ठाऊक असेलच. या चार धावांत क्रँकदंड दोन फेरे घेतो व कॅमदंड एक. पाठ्यपुस्तकातील आकृतीत शोषणधावेच्या आरंभी शोषण-झडप उघडते आणि धाव संपताच मिटते. प्रत्यक्षात असे केले तर एंजिन वेगात अर्धपोटी राहील. हवेला वजन आहे. तिला गती घेण्यास वेळ लागतो आणि एकदा गती आली की ती लगेच थांबत नाही. म्हणून शोषण-झडप दट्ट्या वरच्या मृतबिंदूला पोचण्यापूर्वीच उघडू लागते आणि खालचा मृतबिंदू ओलांडल्यावरही काही काळ उघडी राहते. निष्कास-झडपेचेही तसेच.

टी.आर. ५ व आरंभीच्या टी.आर. ६ मध्ये शोषण-झडप वरच्या मृतबिंदूपूर्वी ३५ अंशांवर उघडे आणि खालच्या मृतबिंदूनंतर ६५ अंशांवर मिटे. म्हणजे ती एकूण ३५ + १८० + ६५ = २८० अंश उघडी असे. निष्कास-झडप खालच्या मृतबिंदूपूर्वी ६५ अंशांवर उघडून वरच्या मृतबिंदूनंतर ३५ अंशांवर मिटे. यावरून दिसून येईल की वरच्या मृतबिंदूच्या आसपास ३५ + ३५ = ७० अंश दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असत. या अवधीला आपण 'सामाईक काल' म्हणू.

अंश तेच राहिले तरी वेळ बदलतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मिनिटास ५५०० फेरे या वेगाला २८० अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे ११८ वा भाग. एवढ्या क्षणात प्रत्येक सिलिंडरला सुमारे ४१६ घनसेंटिमीटर हवा आत घ्यायची असते. तेथे दीर्घ उघडझाप उपकारक ठरते. बाहेर धावणाऱ्या जळक्या वायूची ओढ नव्या हवेला आत खेचण्यास मदतही करते. उलट, गाडी जागेवर उभी असताना मिनिटास ८०० फेऱ्यांच्या मंद चालीत तेच २८० अंश सेकंदाचा सतरावा भाग व्यापतात. एवढ्या वेळात जळका वायू मागे फिरून शोषणनलिकेत शिरतो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि एंजिन अडखळत चालते. वेगात जे साह्य करते तेच मंद चालीत बाधक ठरते. कॅमदंडाची प्रत्येक निवड ही या दोहोंमधील तडजोड असते.

पेट्रोल मोजणारा धोटा

आता अंतःक्षेपणाकडे वळू. सुमारे अर्धा ग्रॅम हवेसाठी पूर्ण भाराखाली ४० मिलिग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागते. आकारमानाने ते पाण्याच्या एका थेंबाएवढे भरते. मंद चालीत याच्या लहानशा हिश्श्यावर भागते. एवढे सूक्ष्म माप सहा सिलिंडरांना मिनिटातून हजारो वेळा अचूक वाटायचे, आणि तेही विद्युत्-मेंदूविना, हा ल्यूकसच्या अभियंत्यांपुढील प्रश्न होता.

त्यांनी योजलेली युक्ती मोठी चतुर आहे. विजेवर चालणारा पंप पेट्रोलला दर चौरस इंचास १०० पौंडांहून थोडा अधिक दाब देतो. जादा पेट्रोल टाकीत परत जाते. दाबाखालील पेट्रोल मापकात येते. मापकात एक पोकळ घूर्णक एंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्याच्या पोकळीत एक लहान दट्ट्या दोन अडणींच्या मध्ये सरकतो. मागावरील धोट्याप्रमाणे तो या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, म्हणून त्याला 'धोटा' म्हणणेच योग्य. घूर्णकाचे छिद्र एका बाजूने पेट्रोल आत घेते. ते धोट्याला पलीकडे ढकलते आणि पलीकडच्या बाजूचे पेट्रोल एका सिलिंडरच्या तोटीकडे फेकले जाते. पुढच्या क्षणी हेच उलट दिशेने घडते. धोटा जितका सरकेल तितकेच पेट्रोल तोटीला मिळेल.

दोन अडणींपैकी एक पक्की व दुसरी हलती आहे. हलत्या अडणीची जागा ठरते ती शोषणनलिकेतील आंशिक निर्वातावरून. थ्रॉटल बंद असता दट्ट्यांच्या ओढीने नलिकेत चांगले निर्वात तयार होते. ते एका लवचीक पटलाला ओढते आणि अडणी पुढे सरकून धोट्याची वाट आखूड करते. थ्रॉटल उघडला की निर्वात नाहीसे होते, स्प्रिंगा अडणीला मागे नेतात व पेट्रोल वाढते.

या योजनेचे मर्म नीट ध्यानात घ्यावे. मापक हवा मोजत नाही. तो फक्त निर्वात 'वाचतो' आणि त्यावरून हवेचा अंदाज करतो. अमुक निर्वात म्हणजे अमुक हवा, हा हिशेब त्याच्या स्प्रिंगांच्या ताणात कायमचा लिहून ठेवलेला असतो, आणि तो हिशेब एका विशिष्ट कॅमदंडासाठीच खरा असतो.

आता सामाईक काल अधिक असलेला कॅमदंड बसविला, तर मंद चालीत जळका वायू शोषणनलिकेत परतून तेथील निर्वात कमी करतो. मापकाला वाटते की चालकाने थ्रॉटल उघडला आहे. तो अधिक पेट्रोल पाठवितो. प्रत्यक्षात ताजी हवा वाढलेली नसते. निष्कासातून काळा धूर येतो, ठिणगी-प्लग काजळतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन तेलपात्रात उतरते. नव्याने बोअर केलेले सिलिंडर व नवी कडी अशा स्थितीत लवकर झिजतात. याउलट सौम्य कॅमदंड बसवून मापक जुनाच ठेवला, तर निर्वात वाढते आणि मिश्रण विरळ होऊ शकते. विरळ मिश्रणावर भार पडल्यास निष्कास-झडपा व दट्ट्यांचे माथे अतोनात तापतात.

कारखान्याने स्वतः केलेली निवड

हा केवळ तर्क नव्हे. कारखान्याला स्वतःच हा प्रश्न सोडवावा लागला. आरंभीच्या एंजिनाची शक्ती १५० अश्वशक्ती सांगितली जाई. परंतु त्याची मंद चाल ओबडधोबड होती आणि गर्दीच्या रस्त्यावर ते कुरकुरे. १९७३ च्या गाड्यांसाठी कॅमदंड बदलण्यात आला. नव्या कॅमदंडाचे वेळापत्रक १८-५८-५८-१८ असे होते : शोषण-झडप २५६ अंश उघडी व सामाईक काल केवळ ३६ अंश. मात्र नवा कॅमदंड घालून कारखाना थांबला नाही. मापकाचा हिशेबही त्याला अनुरूप असा बदलला. जाहीर शक्ती १२४ अश्वशक्तीवर आली. येथे एक सावधगिरी हवी : दोन्ही आकडे एकाच मोजपद्धतीचे नाहीत, म्हणून २६ अश्वशक्तीची सगळी घट कॅमदंडाच्या माथी मारता येत नाही. पण एंजिन मंद चालीत स्थिर झाले आणि शहरात चालविण्यास सुखाचे झाले.

पुनर्बांधणी करणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध असा की, कॅमदंड आणि मापक ही जोडी आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत मागील पन्नास वर्षांत कोणीतरी एक भाग बदललेला असतो आणि दुसरा तसाच राहिलेला असतो. म्हणून एंजिनावरील क्रमांकावर विसंबून न राहता कॅमदंड प्रत्यक्ष मोजावा.

उघडणे आणि मोजणे

एंजिन उघडताना प्रत्येक ढकलदांडा व टॅपेट कोणत्या जागेवरचा हे चिठ्ठी बांधून नोंदवावे. वापरात एकमेकांवर घासून जुळलेल्या पृष्ठभागांची अदलाबदल झाली तर झीज वाढते. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी घ्यावा. वरखाली फरक असल्यास सिलिंडर निमुळता झाला आहे. दोन दिशांत फरक असल्यास लंबगोल झाला आहे. कारखान्याच्या पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे झीज असेल तर सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे दट्ट्ये घालावेत. क्रँकदंडाचे गळेही असेच मोजावेत. या एंजिनात क्रँकदंडाची पुढेमागे होणारी हालचाल रोखणाऱ्या अर्धचंद्राकृती चकत्या हे एक दुबळे स्थान आहे. त्या झिजून गळून पडल्या तर क्रँकदंड व ठोकळा दोन्ही नष्ट होतात. तेव्हा ही हालचाल डायल-मापकाने तपासल्यावाचून एंजिन बंद करू नये.

सिलिंडरच्या माथ्याबाबत एक नवी गोष्ट विचारात घ्यावी लागते. हे एंजिन शिसेमिश्रित पेट्रोलसाठी बनले होते. शिशाचा पातळ लेप निष्कास-झडपेच्या बैठकीला जपत असे. भारतात २००० सालापासून शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. म्हणून ओतीव लोखंडी माथ्यात निष्कास-झडपांखाली कठीण धातूच्या कड्या बसविणे हिताचे असते.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. ब्रिटनच्या सामान्य पेट्रोलमध्ये २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर भारतात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. जुन्या रबरी नळ्या व सीलांना ते मानवत नाही, त्या बदलाव्यात. शिवाय इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते. २० टक्के मिश्रणात तेवढ्याच हवेसाठी सुमारे सात-आठ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. आधुनिक गाडीतील संवेदक हे आपोआप ओळखतो. आपला धोटा ते ओळखत नाही. त्याचा हिशेब मापक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून परीक्षण-बाकावर लावून घ्यावा लागतो.

मापकाचे वाचन खोटे ठरविणारे आणखी एक कारण म्हणजे थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्या. त्यांच्या बाजूने हवा आत शिरली की निर्वात पडते आणि पेट्रोल वाढते. कार्ब्युरेटरवर हात बसलेला कारागीर अशी गळती म्हणजे विरळ मिश्रण असे धरून चालतो आणि नेमका उलट उपाय करतो. म्हणून कॅमदंडाला दोष देण्यापूर्वी सहाही थ्रॉटल हवाबंद व समताल आहेत याची खात्री करावी.

निवड कशी करावी

निवडीचा पहिला प्रश्न 'शक्ती किती?' हा नसून 'गाडी कोणत्या वेगात अधिक काळ चालणार?' हा आहे. शर्यतीच्या मार्गावर एंजिन सतत उच्च वेगात असते. तेथे ओबडधोबड मंद चालीची कोणी फिकीर करीत नाही. साध्या रस्त्यावर एंजिनाचे आयुष्य बव्हंशी मिनिटास १५०० ते ३५०० फेऱ्यांत जाते. तेथे दीर्घ उघडझापेचा लाभ क्वचित आणि तोटा रोजचा.

दुसरा प्रश्न संपीडनाचा. शोषण-झडप ६५ अंशांवर मिटेपर्यंत दट्ट्या आपल्या वाटेचा सुमारे पाचवा हिस्सा वर चढलेला असतो; खरे संपीडन त्यानंतर सुरू होते. म्हणून दीर्घ कॅमदंडाला ९.५ सारखे उच्च संपीडन-गुणोत्तर शोभते. गुणोत्तर कमी असलेल्या एंजिनात तोच कॅमदंड बसविल्यास मंद वेगातील ओढ फारच घटते. जुन्या माथ्यावरून रंधा फिरला असेल तर गुणोत्तर वाढलेले असते. तेव्हा ज्वलनकक्षात मोजनळीने तेल ओतून त्याचे आकारमान काढावे आणि मग गुणोत्तर ठरवावे.

तिसरा प्रश्न मापकाचा. हाती असलेला मापक कोणत्या कॅमदंडासाठी लावला आहे, आणि नवीन कॅमदंडासाठी तो पुन्हा लावून घेण्याची सोय आहे काय? सोय नसेल तर उत्तर आपोआप मिळते : मापकाला अनुरूप असाच कॅमदंड घ्यावा. सोय असेल तरीही, अपेक्षित काम भागविणाऱ्या कॅमदंडांपैकी सर्वांत सौम्य तो निवडणे शहाणपणाचे.

बसविणे व पहिली वीस मिनिटे

नवा कॅमदंड आणि जुने टॅपेट असा जोड कधीही लावू नये. कॅमचा माथा किंचित उतरता असतो. त्यामुळे टॅपेट प्रत्येक उचलीबरोबर थोडा फिरतो आणि झीज वाटली जाते. जुना, खळगा पडलेला टॅपेट फिरत नाही आणि नवा कॅम अल्पकाळात खाऊन टाकतो.

कॅमदंडाची वेळ तपासण्यासाठी क्रँकदंडावर अंशचकती व झडपेवर डायल-मापक लावतात. जुन्या वेळापत्रकात शोषण-झडपेची कमाल उचल वरच्या मृतबिंदूनंतर १०५ अंशांवर येते, कारण २८० चे निम्मे १४० आणि त्यातून ३५ वजा. नव्या वेळापत्रकात याच रीतीने ११० अंश येतात. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. फरक आढळल्यास साखळीचे दातेरी चाक सोडवावे. ट्रायम्फने या चाकाला चार छिद्रे अशी पाडली आहेत की, चाक पाव फेरा फिरवून बसविल्यास अर्ध्या दात्याचा व उलटे करून बसविल्यास पाव दात्याचा फरक साधता येतो. ठिणगी-वितरक आणि पेट्रोलचा मापक यांनाही गती कॅमदंडाकडूनच मिळते. म्हणून कॅमदंडाची जागा हलली की या दोहोंची वेळही पुन्हा पाहावी.

कॅमदंड अधिक उचलीचा असल्यास दट्ट्याच्या माथ्यावर मातीचा मऊ गोळा ठेवून एंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि दबलेल्या मातीची जाडी पाहावी. झडप व दट्ट्या यांत किती जागा उरते हे त्यावरून कळते. शेवटी थंड स्थितीत झडपांची मोकळीक एका इंचाच्या हजारांश भागातील १०, म्हणजे सुमारे ०.२५ मिलिमीटर, ठेवावी.

पहिल्यांदा सुरू करताना एंजिन मंद चालीत ठेवू नये, ही सूचना अनेकांना उलटी वाटते. कॅम व टॅपेट यांना तेल मिळते ते बव्हंशी क्रँकदंडाने उडविलेल्या तुषारांतून. मंद चालीत तुषार कमी आणि झडपांच्या स्प्रिंगांचा दाब मात्र पूर्ण. म्हणून कॅमवर खास वंगण चोपडावे, तेलाचा दाब आधीच आणून ठेवावा, पेट्रोलच्या नळ्यांतील हवा काढून घ्यावी, आणि एंजिन सुरू होताच वीस मिनिटे ते मिनिटास २००० ते २५०० फेऱ्यांत थोडे कमीजास्त करीत चालवावे. तेल जस्त व फॉस्फरस यांची संयुगे पुरेशी असलेलेच हवे. उत्प्रेरकाचे रक्षण व्हावे म्हणून पुष्कळ आधुनिक तेलांत ती कमी केलेली असतात. या वीस मिनिटांत झालेली हानी पुढे भरून येत नाही.

जुन्या एंजिनात सुटा भाग असा नसतोच. कॅमदंड श्वास ठरवितो, श्वासावरून निर्वात ठरते, निर्वातावरून धोट्याची वाट, आणि धोट्याच्या वाटेवरून सिलिंडरची भिंत तेलाने ओली राहणार की पेट्रोलने धुतली जाणार हे ठरते. एक दुवा बदलण्यापूर्वी साखळी शेवटपर्यंत हाताखालून घालणे, हेच पुनर्बांधणी करणाऱ्याचे खरे कौशल्य होय.